राखून ठेवलेली जागा

हणमंतराव केदारींनी एकतीस वर्षं फौजेच्या मुख्यालयात काढली, पण बंदूक कधी हातात धरली नाही. त्यांची हत्यारं तीन: लाकडी पट्टी, टोकदार पेन्सिल आणि खोडरबर. दिल्लीत मोठ्या सरकारी इमारतींच्या मागच्या अंगाला महायुद्धाच्या घाईत बांधलेल्या बैठ्या बराकी होत्या. युद्ध संपलं की पाडायच्या असं ठरवून बांधलेल्या, आणि बहुधा म्हणूनच पन्नास वर्षं उभ्या राहिलेल्या. त्यातल्या एका बराकीत, कूलरच्या खडखडाटात आणि ओल्या गवताच्या वासात, हणमंतराव तक्ते आखत. कुठल्या डेपोत कारकून किती, सुतार किती, शिंपी किती, आगीच्या बंबावर माणसं किती, झाडूवाले किती, हे सगळं त्या तक्त्यात. एकेक तक्ता टेबलभर पसरणारा. "माणूस आधी या कागदावर जन्माला येतो," ते नव्या कारकुनाला सांगत, "मग डेपोत. कागदावर जागा नाही तर माणूस नाही."

तक्त्याचा शेवटचा रकाना शेऱ्याचा. बाकीचे कारकून तो कोरा सोडत. हणमंतराव तिथे बारीक, वळणदार अक्षरात अर्धी ओळ लिहीत. 'बॉयलर जुना, जादा माणूस आवश्यक.' 'गोदाम दोन ठिकाणी, चौकीदार दोन.' कितीतरी घरांची चूल त्या अर्ध्या ओळीवर पेटत होती, आणि त्या घरांना ते ठाऊकही नव्हतं.

माणूस ठेंगणा, राखाडी सफारी सूटमधला, हिवाळ्यात कानांवरून मफलर गुंडाळलेला. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात नाटक बसलं की हणमंतराव विंगेत पुस्तक धरून बसत. रंगमंचावर यायची हौस त्यांना नव्हती. एखादा नट अडखळला की अंधारातून असा नेमका शब्द पुरवत की नटाला वाटे, आपल्यालाच आठवला. टाळ्या त्याला मिळत, हणमंतराव पान उलटत. अशी माणसं फार चांगली असतात. त्यांच्यात खोट एकच. दुसऱ्यानं काय म्हणावं हे आपल्याला त्याच्याहून जास्त कळतं, असं त्यांना हळूहळू वाटायला लागतं.

विठाबाई त्यांच्या गावची लेक. माणदेशातल्या एकाच आळीतली, म्हणून ती त्यांना भाऊ म्हणे. तिचा नवरा विठ्ठल याला हणमंतरावांनीच दिल्लीला आणून छावणीतल्या एका डेपोत मजूर म्हणून चिकटवला होता. बारा वर्षं त्यानं खोकी उचलली. छावणीच्या कडेला मजुरांच्या चाळवजा क्वार्टरांत संसार मांडला. एक मुलगी झाली, अक्षया. शहाण्णवच्या जूनमध्ये कावीळ अंगात मुरली आणि विठ्ठल आठ दिवसांत गेला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हणमंतराव कागदपत्रांची पिशवी घेऊन त्या क्वार्टरात जाऊन बसले. नोकरीत असताना माणूस गेला तर त्याच्या घरच्या एकाला अनुकंपा म्हणून नोकरी मिळे, जागा रिकामी असली तर. विठाबाई भिंतीला टेकून बसली होती. अक्षया नुकतीच दहावी झालेली, आतल्या खोलीच्या दारात उभी.

"भाऊ, कसली बी जागा बघा," विठाबाई म्हणाली. "झाडूची असली तरी चालंल. डेपोत झाडूवाला कमी हाय म्हणं. मी उद्यापास्नं जाती."

"आहे ती जागा," हणमंतराव म्हणाले. त्यांना तो तक्ता तोंडपाठ होता. "पण विठाबाई, झाडू एकदा हातात आला की तीस वर्षं सुटत नाही. आणि एका घरात एकदाच नोकरी. तू घेतलीस तर अक्षयाला काही नाही."

"मग?"

"याच महिन्यात तिथला एक कारकून निवृत्त होतोय. पोरगी दोन वर्षांत अठराची होईल, बारावी होईल, टायपिंग शिकेल. तोवर मी ती जागा राखून ठेवतो. पोरगी खुर्चीवर बसेल."

विठाबाईनं दारातल्या पोरीकडे बघितलं. "दोन वर्सं म्हंजी लई झाली, भाऊ."

"पेन्शन येईल थोडी. क्वार्टरही दोन वर्षं राहील. दम धर. मी आहे ना."

रात्री जेवताना त्यांनी हे सरलाबाईंना सांगितलं, थोडं खुलवून. सरलाबाई शाळेत शिकवत आणि घरातही ऐकून घेण्यापूर्वी वही तपासल्यासारखं बघत. "तिनं काय मागितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"झाडू."

"मग झाडू द्यायचा होता. खुर्ची तुम्हाला हवीय."

"अगं, उद्या तुझ्याच शाळेतली पोरगी असती तर?"

"माझ्या शाळेतली पोरगी असती तर मी तिच्या आईला विचारलं असतं," सरलाबाई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

झाडूची जागा ऑगस्टमध्ये रोहतकच्या एका माणसाला मिळाली. कारकुनाची जागा हणमंतरावांनी राखली. दर सहा महिन्यांनी डेपोचा अहवाल येई: ही जागा भरावी का? हणमंतराव शेऱ्यात लिहीत, 'अनुकंपा प्रकरण विचाराधीन.' एकदा डेपोच्या साहेबांनी आपला माणूस बसवायचा घाट घातला, तेव्हा हणमंतरावांनी तीन नियमांचे दाखले देत दीड पानाची टिपणी लिहून तो परतवला. त्या दिवशी त्यांनी घरी जाताना जिलब्या नेल्या. विठाबाई या दोन वर्षांत छावणीतल्या साहेबांच्या बंगल्यांवर भांडी घासत होती. दर रविवारी हणमंतराव फेरी मारत. अक्षया उसन्या आणलेल्या टाइपरायटरवर खटखट करत असे. "किती झाला स्पीड?" ते विचारत. "तीस, मामा." "चाळीस पाहिजे. खुर्ची चाळीसला मिळते."

दिल्ली तेव्हा भराभरा बदलत होती. गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, द्वारकेच्या माळावर सोसायट्यांचे सांगाडे. हणमंतरावांनीही एका सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. दरवर्षी पुढच्या वर्षी ताबा मिळणार होता. आणि बराकीत नवे कर्नल साहेब आले होते. तरणाताठा, शांत माणूस. टेबलावर संगणक. पहिल्याच बैठकीत त्यांनी पडद्यावर एक आकृती दाखवली. पिरॅमिडसारखी, खाली फुगलेली. ते खालचं फुगलेलं कापायचं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये हुकूम आला. पैसा कमी, यंत्रं महाग, म्हणून माणसं कमी करायची. जवान वेगळे, नागरी कर्मचारी वेगळे, प्रत्येक डेपोला आकडा ठरवून दिलेला. "लेकिन एक भी आदमी घर नहीं जाएगा," कर्नल साहेब म्हणाले. "सिर्फ खाली पोस्टें." एक वर्षाहून जास्त काळ रिकामी राहिलेली जागा आपोआप रद्द समजायची. ज्या जागेवाचून वर्षभर काही अडलं नाही, तिची गरजच नाही. बैठकीत सगळ्यांनी माना हलवल्या. हणमंतरावांनीही हलवली. बिनरक्ताची शस्त्रक्रिया आहे, असं त्यांच्या मनात आलंसुद्धा.

छावणीतल्या त्या डेपोच्या वाट्याला अकरा जागा आल्या. हणमंतरावांनी तक्ता पसरला, पट्टी लावली आणि वर्षाहून जुन्या रिकाम्या ओळींवर एकेक आडवी रेघ मारत खाली आले. सुतार. खोगीर शिवणारा. भिस्ती दोन. नवव्या ओळीशी पेन्सिल थांबली. लिपिक, एक. रिकामी कधीपासून: जून शहाण्णव. शेरा: अनुकंपा प्रकरण विचाराधीन. अक्षर त्यांचंच.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोन ओळी वर झाडूवाल्यांची ओळ होती. मंजूर सहा, हजर सहा. तिला रेघ नव्हती. रोहतकचा माणूस तिथे उभा होता, आणि तो उभा होता म्हणून जागा उभी होती. कारकुनाच्या खुर्चीवर त्यांनी डेपोच्या साहेबांचा माणूस बसू दिला असता तरी खुर्ची वाचली असती. पुढेमागे त्याची बदली झाली असती, आणि अक्षयासाठी पुन्हा बोलता आलं असतं. रिकामी ठेवली, म्हणून मेली.

खोडरबर हाताशी होता. जूनचं नोव्हेंबर, शहाण्णवचं सत्त्याण्णव. दोन शब्द. पण सहामाहीचे चार अहवाल डेपोकडे होते, चारही त्यांच्या सहीचे, चारींवर जून शहाण्णव. आणि एकोणतीस वर्षांत त्यांनी तारीख कधी खोडली नव्हती. माणसाला वाचवणारी प्रत्येक अर्धी ओळ लोकांनी आजवर मानली ती एवढ्याचसाठी. बराच वेळ ते रबर बोटांत फिरवत बसले. शेजारच्या टेबलावरचा विलास, सेक्शनचा विनोदवीर, म्हणाला, "काय हणमंतराव, रबराला मसाज चाललाय का?" हणमंतरावांनी रबर खणात ठेवला आणि उठून कर्नल साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही, हे कबूल करायला हवं. मग तक्ता आपल्याकडे ओढला आणि पेन्सिल हणमंतरावांपुढे केली.

"केदारीजी, ग्यारह चाहिए. इसे निकालूँ तो दस बचते हैं. आप ही बताइए, इसकी जगह कौन?"

हणमंतरावांनी ओळींवरून नजर फिरवली. उरलेल्या रिकाम्या जागा सगळ्या वर्षाच्या आतल्या. प्रत्येकीमागे कुणाचातरी अर्ज, कुणाचातरी मुलगा. एका जागेवर गेल्याच महिन्यात बंबावरून पडून गेलेल्या माणसाची बायको येणार होती. तिचं नाव त्यांना ठाऊक होतं.

"सर," ते म्हणाले, "मेरी पोस्ट ले लीजिए. नवंबर में अट्ठावन का हो रहा हूँ. अभी छोड़ देता हूँ."

कर्नल साहेब खुर्चीत मागे रेलले. ते हसले नाहीत. "आपकी पोस्ट मुख्यालय की है. वो डेपो की. दोनों के खर्चे के हेड अलग हैं, आप मुझसे बेहतर जानते हैं."

हो, जाणत होते. त्यांनीच एकदा अशा अदलाबदलीला हरकत घेऊन एका साहेबाची फाईल परत पाठवली होती. त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. नवव्या ओळीवरची रेघ त्यांनी स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या हातानं मारली. दुसऱ्या कुणाला ते काम देणं त्यांना जमलं नाही.

एक आशा उरली होती. अक्षयाचं नाव अर्जापासून तीन वर्षं अनुकंपेच्या यादीत राहणार होतं, म्हणजे पुढच्या जूनपर्यंत. डेपोतले दोन कारकून या वर्षात अठ्ठावन्न पूर्ण करत होते. एक गेला तरी जागा होईल आणि या खेपेला ती एक दिवसही रिकामी ठेवायची नाही. हणमंतरावांनी त्या दोघांच्या जन्मतारखा कागदाच्या तुकड्यावर लिहून खिशात ठेवल्या. मे महिन्यात सरकारनं निवृत्तीचं वय अठ्ठावन्नाचं साठ केलं.

त्या दुपारी बराकीत मिठाई वाटली गेली. विलासनं बर्फीचा तुकडा हणमंतरावांच्या तोंडापुढे धरला. "घ्या, अजून दोन वर्षं. आता कात्री चालवायला वेळच वेळ तुम्हाला." सगळे हसले. हणमंतरावांनी बर्फी खाल्ली. ती घशाखाली जाईपर्यंत त्यांना कळलं की त्या दोन कारकुनांच्या घरीही आता मिठाई आली असेल.

आठवड्याभरानं अक्षयाचा बारावीचा निकाल लागला. सत्तर टक्के. मायलेकी बस बदलून हणमंतरावांच्या सरोजिनीनगरच्या क्वार्टरवर आल्या. विठाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. अक्षयानं वाकून नमस्कार केला आणि पेढ्यांचा डबा पुढे केला. "मामा, बेचाळीस आला स्पीड."

"शाब्बास," हणमंतराव म्हणाले आणि पेढा घेतला.

"आता कवा बोलावत्यात?" विठाबाईनं विचारलं. "क्वार्टर सोडायची चिठ्ठी आलीया. म्हटलं, भाऊ हायत, नोकरी लागली की ऱ्हाईलच."

सरलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. हणमंतराव नजर चुकवून डब्याचं झाकण लावत होते. "बघतो," ते म्हणाले. "वरची मंजुरी यायचीय."

मायलेकी गेल्यावर सरलाबाई म्हणाल्या, "वरची मंजुरी?"

"काय सांगू तिला?"

"मला विचारता? विंगेतून मी पुरवू का वाक्य?" आणि मग आवाज खाली आणून, "आज नाही सांगितलंत. उद्या ती पोरगी नवा ड्रेस शिवायला टाकेल. मग सांगाल?"

ते रविवारी गेले. पिशवी न घेता गेले, तेव्हाच विठाबाईला काहीतरी उमगलं असावं. अक्षया नळावर पाणी भरायला गेली होती. हणमंतरावांनी सगळं सांगितलं. हुकूम, अकरा जागा, वर्षाचा नियम, वाढलेलं वय. आपली चूकही सांगितली, सबबींत न गुंडाळता. विठाबाई लसूण सोलत होती. तिनं ऐकताना सोलणं थांबवलं नाही.

"झाडूची जागा व्हती ना तवा?"

"होती."

"ती कुनाला दिली?"

"रोहतकच्या एकाला."

"त्यो हाय अजून?"

"आहे."

"त्याला काडलं न्हाई?"

"नाही. त्याची जागा भरलेली होती."

विठाबाईनं सालं गोळा केली आणि सुपातून बाहेर टाकली. "मग बरं हाय," ती म्हणाली. "त्याला तरी मिळाली."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर हणमंतरावांना बसायला आधार झाला असता. त्यांनी सोसायटीच्या फ्लॅटचा विषय काढला. ताबा मिळाला की तिथे राहा, भाडं नको. विठाबाई म्हणाली, "नगं भाऊ. आता आमचं काय ठरवू नका तुमी." आवाज चढलेला नव्हता. तेवढ्यात अक्षया घागर घेऊन आत आली. दोघांचे चेहरे पाहिले, घागर खाली ठेवली आणि पुन्हा बाहेर गेली. बाहेर नळाशी तिची बादली भरून वाहत होती, नळ कुणी बंद केला नाही.

ऑगस्टमध्ये मायलेकींनी क्वार्टर सोडलं. पालम गावात एक खोली घेतली. टेम्पोत सामान चढवायला हणमंतराव गेले होते, पण तोवर टेम्पो गेला होता. त्या वर्षी भाऊबीजेला विठाबाई आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. मधल्या उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांत लढाई झाली. जवानांची भरती पुन्हा जोरानं सुरू झाली, वर्तमानपत्रांत रांगांचे फोटो आले. डेपोच्या तक्त्यावरच्या रेघा होत्या तिथेच राहिल्या. त्याच जूनमध्ये अक्षयाचं नाव यादीतून निघालं. ती यादीही हणमंतरावांच्याच टेबलावरून गेली.

दोन हजार साली ते द्वारकेला राहायला आले. पाणी टँकरचं, रस्ते कच्चे, समोर नुसते खांब आणि धूळ. निवृत्तीला महिना उरला होता. भाऊबीजेच्या दिवशी दुपारी चारला बेल वाजली. दारात विठाबाई, हातात रुमालानं झाकलेलं ताट. केस पिकले होते.

सरलाबाईंनी एक अक्षर न विचारता पाट मांडला. हणमंतराव टोपी शोधू लागले. सापडेना, तेव्हा डोक्यावर हातरुमाल ठेवून बसले.

"पत्ता कुणी दिला?"

"मंडळात इचारलं." विठाबाई निरांजनाची वात सारखी करत होती. "दोन वर्सं आली न्हाई. मन हुईना. औंदा आईची आठवन झाली. ती म्हनायची, भावाला ववाळायचं चुकवू ने, मग त्यो कसा का असंना."

हणमंतराव म्हणाले, "बरोबर म्हणायची."

"अक्षया?" सरलाबाईंनी विचारलं.

"डेपोतच जाती की," विठाबाई म्हणाली. "ठेकेदाराकडनं. तीन तीन म्हयन्याचं. जागा ग्येली म्हनं, पर टायपिंग कुटं ग्येलंय? सुट्टी न्हाई, पास न्हाई, गेटावर रोज नाव लिवायचं. पगार आला तर आला." तिनं कुंकू बोटावर घेतलं. "पर काम साफ हाय म्हनत्यात साहेब. मामानी शिकिवलं म्हनती."

हणमंतरावांनी कपाळ पुढे केलं. गेल्याच पंधरवड्यात एक चौकोनी कागद त्यांच्या टेबलावरून गेला होता. ठेक्याच्या टायपिस्टांची संख्या, फक्त आकडा: चार. नावांचा रकाना त्या कागदाला नव्हताच, आणि शेऱ्याचाही नव्हता.

"तुमच्या जाग्यावर आता कोन येनार?" ओवाळता ओवाळता विठाबाईनं विचारलं.

"कोणी नाही. संगणक करेल. ती जागाही बंद झाली."

"कुनी केली?"

"तक्ता मीच केला."

विठाबाईचा हात क्षणभर थांबला. मग तिनं ओवाळणं पुरं केलं, अक्षता टाकल्या आणि निरांजन खाली ठेवलं. सरलाबाईंनी आतून आणलेली साडी हणमंतरावांनी ताटात घातली. विठाबाईनं ती उलगडून काठ बघितला, पुन्हा घडी घातली, पिशवीत ठेवली. चहा घेतला. चकली घेतली नाही, दात दुखतात म्हणाली.

परतीला ते तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेले. वाटेत अर्धवट इमारतींच्या सावल्या रस्त्यावर पडल्या होत्या आणि एकही माणूस दिसत नव्हता. थांब्याला छप्पर नव्हतं, नुसता खांब.

"फुडल्या साली जमंल न जमंल, भाऊ," विठाबाई म्हणाली. "लांब पडतं हितं."

"मी येईन पालमला."

"या की," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "रविवारी मातर नगं. रविवारी दुपारपास्नं पोरगी घरी अस्ती. तुमी आलेलं तिला आवडंल, पर मग ती सांजच्याला बोलायची न्हाई."

बस यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ दोघं खांबाच्या दोन बाजूंना उभी राहिली. बस आली तेव्हा विठाबाईनं पिशवी आधी आत टाकली, मग स्वतः चढली. जागा होती, पण ती दांड्याला धरून उभीच राहिली. हणमंतराव धुळीत हात वर करून थांबले. बस वळणावर दिसेनाशी झाली. कपाळावरचं कुंकू वाऱ्यानं डोळ्यात जायला लागलं तेव्हा कुठे ते घराकडे वळले.